विश्लेषण : क्विंटल म्हणजे वस्तुमान की वजन? फिजिक्समधले ‘फरक’ पाठ असूनही गणित का चुकते?

‘फरक स्पष्ट करा’ हा दहावीपर्यंतचा हक्काच्या गुणांचा प्रश्न. मध्ये उभी रेघ, डावीकडे वस्तुमान, उजवीकडे वजन, खाली तीन-चार मुद्दे. पण हाच विद्यार्थी अकरावी विज्ञानला गेला, की गणितासमोर अडतो. ‘सर, इथे कोणता फॉर्म्युला लावायचा?’ हा त्याचा नेहमीचा प्रश्न होतो. फरक पाठ असतो, पण समोरच्या गणितात त्या दोनपैकी कोणती राशी दिली आहे, हेच ओळखू येत नाही.

अकोला जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या तेल्हारा तालुक्यातही चित्र वेगळे नाही. दहावीपर्यंत मराठी पुस्तक, अकरावीला इंग्रजी आणि मोबाइलवरच्या व्हिडिओत हिंदी, अशा तीन भाषांतून एकच विषय समोर येतो. नीट, सीईटीसाठी अकोट किंवा अकोल्याचा क्लास लावणे प्रत्येक घराला परवडत नाही. अशा वेळी गोंधळ नेमका कुठे होतो आणि शंका कशी विचारावी, हे कळले तर बरेच काम सोपे होते.

संकल्पना चुकते म्हणजे अभ्यास कमी पडतो का?

तसे नाही. अमेरिकेतील डेव्हिड हेस्टेनीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बल आणि गती या विषयांवर एक बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. त्यात आकडेमोड जवळपास नव्हती. साध्या भाषेत विचारलेले रोजच्या अनुभवातले प्रश्न होते आणि चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या गैरसमजांतूनच घेतले होते. भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले अनेक विद्यार्थीही त्यात चुकले.

हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक एरिक माझूर यांना हाच अनुभव आला. त्यांचे विद्यार्थी किचकट विद्युत परिपथाचे गणित सोडवत होते. पण साध्या परिपथातील बटण दाबले तर कोणत्या बल्बचा प्रकाश वाढेल, या प्रश्नावर अडखळत होते. म्हणजे सूत्र येते, पण सूत्रातले प्रत्येक अक्षर कशाबद्दल बोलते ते कळलेले नसते. हार्वर्डमध्ये जे होते ते तेल्हाऱ्यात झाले, तर त्यात कमीपणा काही नाही.

यात भाषेचा वाटा किती?

मोठा आहे. बोलीत एक शब्द दोन-तीन अर्थांनी चालतो, फिजिक्समध्ये मात्र त्याला एकच अर्थ असतो. ‘गाडीचा वेग किती?’ असे आपण विचारतो, तेव्हा पुस्तकाच्या भाषेत ती ‘चाल’ असते. ‘त्याच्यात शक्ती आहे’ म्हणतो तेव्हा मनात जोर असतो. पुस्तकात शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर. बातम्यांत ‘उष्णता वाढली’ असे छापून येते, तिथे वाढलेले असते ते तापमान.

त्यात तीन भाषांची भर पडते. मराठी पुस्तकातले ‘वस्तुमान’ हिंदी व्हिडिओत ‘द्रव्यमान’ होते आणि अकरावीच्या पुस्तकात ‘मास’. ‘वजन’ हिंदीत ‘भार’, इंग्रजीत ‘वेट’. ‘प्रभार’ हिंदीत ‘आवेश’, इंग्रजीत ‘चार्ज’. ‘रोध’ हिंदीत ‘प्रतिरोध’, इंग्रजीत ‘रेझिस्टन्स’. संकल्पना एकच, नावे तीन. विद्यार्थ्याला मात्र त्या तीन वेगळ्या गोष्टी वाटू शकतात.

विज्ञान शिकताना भाषेचा अडसर येतो, हे महाराष्ट्रात फार आधी ओळखले गेले. मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले. केंद्राने सुरुवातीच्या काळात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत काम केले. संस्थापक संचालक वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात पाठ्यपुस्तकाची भाषा हा महत्त्वाचा विषय होता.

वस्तुमान आणि वजन : काटा नेमके काय मोजतो?

बाजार समितीत कापूस विकताना ‘वजन १ क्विंटल भरले’ असे म्हणतात. फिजिक्सच्या भाषेत १ क्विंटल, म्हणजे १०० किलो, हे वस्तुमान आहे. त्या कापसात द्रव्य किती आहे, हे ते सांगते. वजन म्हणजे पृथ्वी त्या कापसाला ज्या बलाने ओढते ते बल. १०० ला ९.८ ने गुणले की ९८० न्यूटन येतात.

आता हाच कापूस चंद्रावर नेला असे समजा. दोन पारड्यांच्या तराजूत एका बाजूला कापूस आणि दुसऱ्या बाजूला १०० किलोची मापे ठेवली, तर तराजू तिथेही समतोलच राहील. दोन्ही बाजूंची ओढ सारखीच कमी झालेली असते. पण पृथ्वीवरून नेलेला स्प्रिंगचा काटा सुमारे १७ किलोच दाखवेल, कारण तो ओढ मोजतो आणि चंद्राची ओढ पृथ्वीच्या एक षष्ठांश आहे. इलेक्ट्रॉनिक काटाही आतून बलच मोजतो आणि पडद्यावर किलो दाखवतो.

गणितात ओळखायचे कसे? एकक किलो असेल तर वस्तुमान, न्यूटन असेल तर वजन. दोरीचा ताण, टेबलाने दिलेले बल किंवा लिफ्टचे गणित असेल, तर किलोचे आधी न्यूटन करायचे. हा गुणाकार विसरणे ही या धड्यातली सर्वाधिक होणाऱ्या चुकांपैकी एक.

चाल आणि वेग : सरासरी काढताना कुठे घसरतो?

हिशेबासाठी तेल्हारा ते अकोट अंतर ३० किलोमीटर धरू. एसटी ताशी ३० किलोमीटरने गेली आणि ताशी ६० किलोमीटरने परत आली. सरासरी चाल किती?

बहुतेकांचे उत्तर ४५. बरोबर उत्तर ४०. जायला १ तास लागला, यायला अर्धा तास. एकूण ६० किलोमीटर, एकूण दीड तास. ६० भागिले १.५ म्हणजे ४०. दोन चालींची बेरीज करून दोनने भागणे तेव्हाच चालते, जेव्हा दोन्ही चालींना सारखाच वेळ दिलेला असतो. इथे अंतर सारखे आहे, वेळ नाही.

आणि याच फेरीचा सरासरी वेग? शून्य. बस जिथून निघाली तिथेच परत आली, त्यामुळे विस्थापन शून्य. वेग विस्थापनावरून काढतात आणि विस्थापनाला दिशा असते. ‘बस दीड तास धावली, मग वेग शून्य कसा?’ ही शंका योग्यच आहे. धावण्याचा हिशेब चाल ठेवते. सुरुवातीच्या जागेपासून शेवटी किती सरकलो, याचा हिशेब वेग ठेवतो.

बल आणि गती : चेंडू वर थांबतो, तेव्हा त्वरण किती?

एक चेंडू सरळ वर फेकला. सर्वांत उंच ठिकाणी त्याचा वेग शून्य होतो. मग तिथे त्वरणही शून्य का नाही?

आकड्यांनी पाहू. चेंडू सेकंदाला १९.६ मीटर वेगाने वर फेकला. १ सेकंदानंतर वेग ९.८, २ सेकंदांनंतर शून्य, ३ सेकंदांनंतर उणे ९.८, म्हणजे खालच्या दिशेने ९.८. प्रत्येक सेकंदाला वेग ९.८ नेच बदलतो आहे. शून्यावर पोहोचतानाही आणि शून्यावरून पुढे जातानाही. त्वरण म्हणजे हा बदलाचा दर. तो क्षणभरही थांबलेला नाही. वरच्या टोकाला त्वरण खरेच शून्य झाले असते, तर चेंडू तिथेच लटकत राहिला असता.

‘हाताने दिलेला जोर चेंडूत राहतो आणि हळूहळू संपतो’ असे मनात असते. हाताचे बल मात्र चेंडू हातातून सुटताच संपते. नंतर हवेचा रोध सोडला, तर त्याच्यावर एकच बल असते, गुरुत्वाकर्षण. ही समजूत चुकीची असली तरी मूर्खपणाची नाही. गती टिकवायला सतत बल लागते, असे अॅरिस्टॉटलही मानत असे. ती समजूत मोडून १६८७ मध्ये न्यूटनचे नियम छापून येईपर्यंत सुमारे २ हजार वर्षे गेली.

दुसरी जुनी शंका बैलबंडीची. बैल बंडीला जेवढ्या बलाने ओढतो, तेवढ्याच बलाने बंडी बैलाला मागे ओढते, असे तिसरा नियम सांगतो. मग दोन्ही बले एकमेकांना संपवून बंडी जागेवरच का राहत नाही?

कारण ही दोन बले एकाच वस्तूवर नाहीत. एक बंडीवर आहे, दुसरे बैलावर. बंडी हलेल की नाही, हे ठरवताना फक्त बंडीवरची बले मोजायची : बैलाची पुढची ओढ आणि चाकांना होणारा मागचा विरोध. ओढ जास्त असेल तर बंडी पुढे जाते. बैल पुढे कसा जातो? तो खुराने जमीन मागे ढकलतो आणि जमीन त्याला पुढे ढकलते. चिखलात खूर घसरले की हे बल मिळत नाही आणि बंडी फसते.

अशा प्रत्येक गणितात आधी ‘कोणती वस्तू?’ हे ठरवून तिचे वेगळे चित्र काढायचे आणि त्यावर फक्त तिच्यावरचीच बले दाखवायची.

कार्य, ऊर्जा आणि शक्ती : वॅट आणि युनिट एकच का नाही?

५० किलोचे पोते जमिनीवरून दीड मीटर उंच ट्रकमध्ये चढवायचे, तर ५० × ९.८ × १.५ म्हणजे ७३५ ज्यूल कार्य होते. हे काम ५ सेकंदांत केले तर शक्ती १४७ वॅट, १० सेकंदांत केले तर ७३.५ वॅट. कार्य तेच, दर वेगळा.

तेच पोते डोक्यावर घेऊन हमाल १० मिनिटे नुसता उभा राहिला, तर पोत्यावर झालेले कार्य शून्य, कारण विस्थापन शून्य. त्याचे स्नायू थकतात, शरीरातली ऊर्जाही खर्च होते. पण ती पोत्याला मिळत नाही. ‘घाम गाळला म्हणजे कार्य झाले’ हा बोलीतला अर्थ इथे चालत नाही.

शेतातल्या मोटरवर हा फरक रोज दिसतो. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. ५ अश्वशक्तीची मोटर म्हणजे ३,७३० वॅट. ही झाली शक्ती. मोटर ४ तास चालली, तर ३.७३ × ४ म्हणजे जवळपास १५ युनिट. ही झाली ऊर्जा. मोटरमध्ये थोडी ऊर्जा वाया जाते, त्यामुळे प्रत्यक्षात वीज याहून जास्त लागते. १ युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास, म्हणजेच ३६ लाख ज्यूल. ‘किलोवॅट’ आणि ‘किलोवॅट-तास’ यांत एका शब्दाचा फरक आहे, पण एक शक्ती आहे आणि दुसरी ऊर्जा.

उष्णता आणि तापमान : चहा जास्त गरम की बादली?

१०० ग्रॅम चहा २५ अंशांवरून ८५ अंशांपर्यंत तापवायला साधारण ६ हजार कॅलरी उष्णता लागते. आंघोळीचे १० लिटर पाणी २५ वरून ४५ अंशांपर्यंत न्यायला २ लाख कॅलरी लागतात. तापमान चहाचे जास्त, उष्णता मात्र बादलीला तीसपटीहून अधिक दिली.

स्पर्शही फसवतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा सावलीतले लोखंडी फाटकही लाकडी दारापेक्षा जास्त तापलेले वाटते. थंडीत तेच फाटक जास्त गार वाटते. दोन्ही वेळा फाटक आणि दार यांचे तापमान जवळपास सारखेच असते. लोखंड हाताला उष्णता लवकर देते किंवा हातातून लवकर घेते, एवढाच फरक. हात तापमान मोजत नाही, उष्णता किती झपाट्याने जाते-येते ते जाणतो.

विभवांतर आणि विद्युतधारा : करंट ‘खर्च’ होतो का?

एकापुढे एक जोडलेल्या दोन सारख्या बल्बांत पहिला जास्त उजळेल, कारण तो आधी करंट ‘खातो’, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात दोन्ही सारखेच उजळतात. एकसर जोडणीत सगळीकडे धारा तीच असते. खर्च होते ती ऊर्जा. प्रभार पुढे वाहत राहतो.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची उपमा इथे कामी येते. टाकीची उंची म्हणजे विभवांतर, नळातून वाहणारे पाणी म्हणजे धारा, नळाची अरुंदी म्हणजे रोध. नळ बंद असला तरी उंची असतेच. त्याचप्रमाणे बटण बंद असले तरी बोर्डात २३० व्होल्ट असतातच, धारा मात्र नसते. म्हणून ‘व्होल्टेज वाहते’ असे लिहिणे चूक. विभवांतर दोन बिंदूंमध्ये असते, धारा तारेतून वाहते.

परीक्षेत याची किंमत किती?

नीटमध्ये फिजिक्सचे ४५ प्रश्न आणि १८० गुण असतात. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ गुण जातो. म्हणजे संकल्पना उलटी लागली, तर एका प्रश्नामागे ५ गुणांचा फरक पडतो. एमएचटी-सीईटीत फिजिक्सचे ५० प्रश्न, ५० गुण असतात आणि उणे गुण नाहीत. पण पर्यायांत ‘४५’ आणि ‘४०’ दोन्ही असतात. चुकीच्या वाटेने गेलेल्यालाही आपले उत्तर पर्यायांत सापडते आणि शंका येत नाही.

नीट मराठीतूनही देता येते. मात्र भाषांतरात तफावत निघाली, तर इंग्रजी प्रश्नच अंतिम मानला जातो. म्हणून मराठीतून परीक्षा देणाऱ्यालाही इंग्रजी संज्ञा माहीत हव्यात.

शंका नेमकी कशी विचारायची?

‘सर, हा धडाच समजला नाही’ यावर शिक्षक सगळा धडा पुन्हा सांगतात आणि अडलेली जागा तशीच राहते. ‘वर टोकाला वेग शून्य आहे, मग त्वरण शून्य का नाही?’ अशी शंका असेल, तर दोन मिनिटांत उत्तर मिळते. दोन राशींत गोंधळ झाला, की स्वतःला पाच प्रश्न विचारावेत :

१. दोघांचे एकक कोणते? एकक वेगळे असेल, तर राशी वेगळ्या.

२. दिशा आहे का? चाल, अंतर, वस्तुमान यांना नाही. वेग, विस्थापन, वजन यांना आहे.

३. ही राशी एका क्षणाची आहे की पूर्ण कालावधीची? ‘सरासरी’ हा शब्द दिसला, की थांबून वाचायचे.

४. ही राशी एका वस्तूची आहे की दोन वस्तूंमधली? वस्तुमान वस्तूचे असते. बल नेहमी दोन वस्तूंमध्ये असते : कोणी लावले, कोणावर लावले?

५. एक बदलली आणि दुसरी तशीच राहिली, असे उदाहरण सापडते का? चंद्रावरचा कापूस, परत आलेली एसटी, उभा हमाल ही अशी उदाहरणे. असे एक उदाहरण स्वतः शोधता आले, तर फरक पाठ करावा लागत नाही.

यानंतरही अडले, तर शिक्षकांना किंवा वर्गमित्राला प्रश्नासोबत आपण सोडवलेल्या पायऱ्याही दाखवाव्यात. केवळ उत्तर चुकले म्हटल्याने काही कळत नाही. कितव्या ओळीपर्यंत पटले आणि कुठून पटले नाही, हे सांगितले की चूक पकडता येते. माझूर यांनी पुढे वर्गात हीच पद्धत आणली. आधी प्रत्येकाने आपले उत्तर ठरवायचे, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे. दोन मित्रांना घराच्या ओट्यावर बसूनही हे करता येते.

मोफत मदत कुठे मिळेल?

अकरावीचा पाया नववी-दहावीत असतो. नववीच्या विज्ञान पुस्तकातले ‘गतीचे नियम’, ‘कार्य आणि ऊर्जा’, ‘धाराविद्युत’ आणि दहावीतले ‘गुरुत्वाकर्षण’, ‘उष्णता’ हे पाच धडे अकरावीच्या सुरुवातीला पुन्हा वाचले, तर इंग्रजी पुस्तक सोपे जाते. बालभारतीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. दीक्षा अॅपवर पाठांनुसार व्हिडिओही मिळतात.

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ हा प्रकल्प नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. त्यात चेंडू फेकून, परिपथ जोडून, बल बदलून पडद्यावर काय होते ते पाहता येते. तो मोफत आहे, मोबाइलवर चालतो आणि त्यातले अनेक प्रयोग मराठीतही आहेत.

आणि एक साधी वही : एका पानावर तीन रकाने, मराठी, हिंदी, इंग्रजी. नवी संज्ञा आली की तिन्ही नावे, एकक आणि दिशा आहे की नाही, एवढे लिहायचे. वर्षाअखेरीस ही वही हाताशी असली, की व्हिडिओ हिंदीत असो, पुस्तक इंग्रजीत असो की प्रश्नपत्रिका मराठीत, ‘द्रव्यमान’ आणि ‘मास’ म्हणजे आपलेच वस्तुमान, हे ओळखायला वेळ लागत नाही.